तराजू आपल्याच हाती असताना

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो उघड आणि गुप्त सारे काही जाणतो, आणि सलाम असो प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना त्यांच्या विरोधकांनीही ‘अमीन’ म्हणून ओळखले.



मार्च महिन्यातील एका रात्री इशाच्या नमाजनंतर मस्जिद रिकामी होत असताना एक तरुण मागच्या सफमध्ये बसून राहिला. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) अंधेरी पूर्वेला विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत तो हिशेबाचे काम करतो. जवळ येऊन त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “मौलाना, उद्या अप्रेझलचा फॉर्म भरून द्यायचा आहे. मी लिहिलंय ते एकदा वाचता का? यात गुनाह तर नाही ना?”

फॉर्ममध्ये मोजके प्रश्न होते. वर्षभरात काय साध्य केले? कोठे कमी पडलात? कोणत्या अडचणी आल्या? आणि शेवटी, स्वतःला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल? पहिल्या प्रश्नाखाली त्याने भरभरून लिहिले होते. दुसऱ्या प्रश्नाखाली दोनच शब्द होते: ‘काही नाही’. तिसऱ्या प्रश्नाखाली मात्र चौदा ओळी होत्या, आणि त्या चौदाही ओळी त्याच्या साहेबाविषयी होत्या. स्वतःला त्याने सर्वत्र पाच गुण दिले होते.

मी विचारले, “हे सगळे खरे आहे?”

तो थोडा थांबला. “मौलाना, सगळे असंच लिहितात. आणि तुम्हाला खरं सांगू का, त्या माणसाचा चेहरा पाहिला तरी माझा दिवस खराब जातो. त्याच्यासमोर स्वतःची चूक कशाला कबूल करायची? तो तीच पकडून बसेल.”

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. जे बोललो ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. कारण हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून पहाटे लोकल पकडणारे आपले कितीतरी भाऊ-बहिणी, सीप्झमध्ये काम करणारे, बँकेत, शाळेत, रुग्णालयात, सरकारी कचेरीत नोकरी करणारे, वर्षातून एकदा या कागदासमोर बसतात. खासगी कंपनीत त्याला अप्रेझल म्हणतात. सरकारी खात्यात कर्मचारी स्वयंमूल्यमापन लिहितो, प्रतिवेदन अधिकारी त्यावर शेरा मारतो, पुनर्विलोकन अधिकारी तो तपासतो, आणि लोक त्याला अजूनही जुन्या नावाने ‘सी.आर.’ म्हणतात. नाव काहीही असो, त्या कागदावर पगारवाढ अवलंबून असते, बढती अवलंबून असते, म्हणजेच मुलांची फी आणि घराचा हप्ता अवलंबून असतो. म्हणून हा विषय क्षुल्लक समजू नये. जेथे रोजीचा प्रश्न येतो तेथे हलाल-हरामचाही प्रश्न येतोच.

हा फॉर्म म्हणजे साक्ष आहे

‘मूल्यमापन’ या आपल्या मराठी शब्दातच ‘मापन’ आहे. मोजणे, तोलणे. आणि माप म्हटले की आपल्याला आपली जुनी म्हण आठवते: मापात पाप. पवित्र कुरआनात एक पूर्ण सूरहच मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन (क्रमांक ८३). तिच्या आरंभीच्या आयतींत अशा लोकांचा विनाश सांगितला आहे, जे दुसऱ्यांकडून घेताना पुरेपूर माप घेतात आणि दुसऱ्यांना देताना मात्र माप कमी करतात. ही आयत केवळ वाण्याच्या तागडीविषयी आहे असे समजू नका. स्वतःच्या कामाचे माप भरताना तराजू वर उचलणारा आणि दुसऱ्याच्या कामाचे माप करताना काटा दाबणारा माणूसही याच रांगेत उभा राहतो. त्या तरुणाच्या फॉर्मवर स्वतःसाठी पाचपैकी पाच होते, आणि साहेबासाठी चौदा ओळींत एकही चांगला शब्द नव्हता. हे दोन मापे ठेवणे नव्हे तर काय?

स्वतःच्या कामाविषयी लिहून देणे ही एक शहादत आहे, साक्ष आहे. फरक इतकाच की येथे साक्षीदारही आपण आणि ज्याच्याविषयी साक्ष द्यायची तोही आपणच. सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की त्यांनी न्यायावर ठाम उभे राहावे आणि अल्लाहसाठी साक्ष द्यावी, मग ती साक्ष स्वतःच्या विरुद्ध, आईवडिलांच्या विरुद्ध किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. या क्रमाकडे लक्ष द्या. सर्वांत प्रथम ‘स्वतः’ आला आहे. कारण माणूस सर्वाधिक लबाडी स्वतःच्या बाबतीतच करतो. सूरह अल-कियामहमध्ये (आयत १४ व १५) सांगितले आहे की माणूस स्वतःला चांगलाच ओळखतो, मग त्याने कितीही सबबी पुढे केल्या तरी.

आता कोणी म्हणेल, साक्ष अल्लाहसाठी द्यायची हे मान्य. पण वाचणारा तर तो साहेबच आहे ना! होय, वाचणारा तो आहे. पण साक्ष ज्याच्यासाठी दिली जाते तो साहेब नव्हे. हे एक सूत्र मनात पक्के बसले की निम्मे ओझे उतरते. न आवडणाऱ्या माणसाच्या हाती आपला हिशेब द्यायचा आहे, या विचाराने हात थरथरतो. पण तो हिशेब मुळात त्याच्या मालकीचा नाहीच, तो केवळ पोचवणारा आहे, असे समजून लिहिले तर हात स्थिर होतो.

खैबरच्या खजुरीच्या बागेत

‘पण मौलाना, माणूसच आवडत नसेल तर?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात एका मूल्यमापनाच्याच प्रसंगात सापडते.

हिजरी सन ७ मध्ये खैबर जिंकल्यानंतर तेथील यहुदी शेतकऱ्यांशी करार झाला, की जमीन त्यांनीच कसावी आणि उत्पन्नाचा निम्मा वाटा मदीनेला द्यावा. झाडावरच्या खजुराचा अंदाज बांधण्यासाठी प्रेषित (स.) हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांना पाठवीत. काम नाजूक होते. अंदाज थोडा जास्त धरला तर शेतकरी बुडतो, कमी धरला तर बैतुलमाल बुडते. इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मध्ये हा प्रसंग आला आहे. खैबरच्या लोकांनी आपल्या स्त्रियांचे दागिने गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले आणि माप हलके करण्याची विनंती केली. इब्ने रवाहा (रजि.) यांनी त्यांच्याविषयीची आपली नावड लपवली नाही. मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले की ही नावड मला तुमच्यावर अन्याय करायला लावणार नाही, आणि तुम्ही देऊ केलेली लाच हराम आहे, ती आम्ही खात नाही. तेव्हा खैबरवासीयांनीच कबूल केले की आकाश आणि धरती याच न्यायावर उभी आहेत.

बंधू-भगिनींनो, या प्रसंगाचे मर्म कोठे आहे? इब्ने रवाहांच्या (रजि.) मनात नावड नव्हती असे नाही. होती, आणि त्यांनी ती कबूलही केली. इस्लाम आपल्याला असे सांगत नाही की प्रत्येक साहेबावर प्रेम करा. मनातील नावडीवर सहसा माणसाचा ताबा नसतो. ताबा असतो तो तराजूवर. सूरह अल-माइदहच्या आठव्या आयतीचा हाच आदेश आहे: एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला न्याय सोडायला भाग पाडू नये, न्याय करा, तो तक्व्याच्या अधिक निकट आहे. ज्यांच्याशी युद्ध झाले त्यांच्या खजुराचे माप जर चोख करायचे, तर ज्याच्या शेजारच्या केबिनमध्ये आपण रोज आठ तास बसतो, ज्याच्या सहीने आपला पगार होतो, त्याच्याबाबत ते किती चोख असले पाहिजे!

स्वतःचे चांगले काम सांगणे हा अहंकार आहे काय?

त्या तरुणाने सर्वत्र पाच लिहिले. याच्या उलट चूक करणारेही आपल्यात पुष्कळ आहेत, विशेषतः आपल्या भगिनी. घाटकोपरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या भगिनीच्या आईने मला सांगितले होते, “मुलगी काहीच लिहीत नाही. म्हणते, आपली तारीफ आपणच कशी करायची? आणि त्या बाईंकडे तर मी हात पसरणार नाही.” पहा, या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली विनय, आणि दुसरी रुसवा. बऱ्याचदा आपण आपल्या रुसव्याला विनयाचे कपडे घालतो.

सूरह अन-नज्मच्या ३२ व्या आयतीत स्वतःच्या पावित्र्याचा डंका पिटण्यास मनाई आहे, हे खरे. पण त्याच कुरआनात सूरह यूसुफच्या ५५ व्या आयतीत हजरत यूसुफ (अ.) इजिप्तच्या राजाला सांगतात की देशाची कोठारे माझ्या स्वाधीन करा, मी राखण करणारा आहे आणि जाणकार आहे. हे आजच्या भाषेत स्वयंमूल्यमापनच होते. आणि कोणासमोर? ज्या राज्यात त्यांना निर्दोष असताना तुरुंगात टाकले गेले, त्याच राज्याच्या राजासमोर. त्यांनी रुसून कागद कोरा ठेवला नाही. येणाऱ्या दुष्काळात लोकांची पोटे भरण्याचा प्रश्न होता आणि ते काम त्यांना येत होते. म्हणून त्यांनी ते सांगितले. पण काय सांगितले ते पहा. ‘मी थोर आहे’ असे म्हटले नाही, ‘माझ्यासारखा कोणी नाही’ असेही नाही. कामाला लागणारे दोनच गुण सांगितले: राखण आणि ज्ञान.

म्हणून विद्वानांनी येथे फरक केला आहे. बढाई मारण्यासाठी स्वतःची स्तुती करणे वेगळे आणि गरजेच्या वेळी खरी माहिती देणे वेगळे. पहिले निषिद्ध आहे, दुसरे जबाबदारी आहे. मालकाला तुमच्या कामाची माहिती देणे हा त्याचा हक्क आहे आणि योग्य मोबदला मागणे हा तुमचा. स्वतःचे माप कमी भरणे हेही माप बिघडवणेच होय.

मात्र येथे एक धोका आहे. सूरह आले-इमरानच्या १८८ व्या आयतीत अशा लोकांना इशारा आहे, ज्यांना न केलेल्या कामाचीही वाहवा हवी असते. आणि बुखारी व मुस्लिम यांतील हदीसचा आशय असा आहे की जे मिळालेले नाही ते मिळाल्याचा देखावा करणारा माणूस असत्याची दोन वस्त्रे पांघरणाऱ्यासारखा आहे. त्या तरुणाने लिहिले होते, ‘दुबार दिलेली बिले मी शोधून काढली.’ मी विचारले, “एकट्याने?” तो म्हणाला, “नाही, आम्ही तिघे होतो. पण सुरुवात माझी होती.” मी म्हटले, “मग तसेच लिहा. सुरुवात मी केली, पुढचे काम तिघांनी मिळून केले. याने तुमचे काम लहान होत नाही आणि त्या दोघांचा हक्क मारला जात नाही.” गंमत अशी की साहेबाविषयी त्याची मोठी तक्रार हीच होती: दुसऱ्याचे काम तो मीटिंगमध्ये स्वतःचे म्हणून सांगतो!

उणीव किती सांगावी?

‘काही नाही’ हे उत्तर कोणत्याही माणसाच्या बाबतीत खरे असू शकत नाही. मी त्याला विचारले, “महिन्याचा अहवाल वेळेवर जातो?” तो हसला आणि म्हणाला, “बारांपैकी तीन उशिरा गेले.” मग त्याने स्वतःच सांगितले की साहेबाने त्याला या उशिराबद्दल दोनदा टोकले होते, आणि त्याचा राग त्या टोकण्यापासूनच वाढत गेला होता.

येथे शरीअतने एक सुंदर समतोल शिकवला आहे. आपली खासगी पापे चव्हाट्यावर मांडू नयेत. अल्लाहने ज्यावर पडदा घातला तो आपण उघडू नये. तेव्हा अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मनाचे, घराचे, स्वभावाचे सारे दोष लिहून स्वतःला फाडून घेण्याची गरज नाही. पण कामातील जी उणीव मालकाच्या किंवा ग्राहकाच्या नुकसानीला कारण होते, ती अमानतीचा भाग आहे. ती विचारली असता नाकारणे ही खियानत आहे. ती सांगण्याची रीत साधी आहे: काय चुकले, का चुकले, आणि पुढे काय करणार. ‘तीन अहवाल उशिरा गेले. दोन वेळा शाखांकडून आकडे उशिरा आले, एकदा माझ्याकडून दिरंगाई झाली. आता आकडे पाच दिवस आधी मागवतो.’ एवढेच. यात लाचारी नाही आणि लपवाछपवीही नाही.

‘पण तो तीच चूक पकडून बसेल’ ही भीती खोटी नाही. काही साहेब असे असतातही. पण विचार करा, जी चूक त्याला आधीच ठाऊक आहे ती लपवून तुमचे काय वाचणार? फॉर्मवरील ‘काही नाही’ वाचून तो तुमच्या खऱ्या कामावरचाही विश्वास काढून घेईल.

त्या चौदा ओळींचे काय?

आता सर्वांत कठीण भाग. साहेब खरोखरच अन्याय करीत असेल तर? गप्प राहणे म्हणजे सब्र काय?

नाही. सूरह अन-निसाच्या १४८ व्या आयतीचा आशय असा की वाईट गोष्ट जाहीर बोलणे अल्लाहला पसंत नाही, मात्र ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबतला ज्या सहा प्रसंगी सूट आहे ते नोंदले आहेत; त्यांतील पहिला प्रसंगच हा आहे की पीडिताने न्याय देऊ शकणाऱ्याकडे तक्रार न्यावी. तेव्हा योग्य ठिकाणी केलेली तक्रार गीबत नव्हे. चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपच्या गटात, घरी जेवताना मुलांसमोर रोज केलेली तीच तक्रार मात्र गीबत आहे, जरी तिचा शब्द न् शब्द खरा असला तरी. आणि त्यात खोटे मिसळले तर मुस्लिम शरीफच्या हदीसप्रमाणे तो बुहतान, म्हणजे तोहमत होतो.

म्हणून मी त्या तरुणाला त्या चौदा ओळी तीन चाळण्यांतून गाळायला सांगितले.

पहिली चाळणी: हे मी पाहिले आहे, की मला वाटते? सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत संशयापासून दूर राहण्याचा आदेश आहे. कारण काही संशय पाप असतात. त्याच्या ओळींत एक ओळ अशी होती की ‘माझ्या नावामुळे मला डावलले जाते.’ हे वाक्य मी हलके समजत नाही. असे भेद घडतात, आणि ते घडत असतील तर त्यांच्याविरुद्ध उभे राहणे कर्तव्य आहे. पण मी विचारले, कोणता प्रसंग? कोणती तारीख? कोण हजर होते? त्याच्याकडे प्रसंग नव्हता, ईदच्या दुसऱ्या दिवसाची रजा नाकारल्याचा सल होता. आणि त्या आठवड्यात वर्षअखेरीमुळे सर्वांच्याच रजा नाकारल्या गेल्या होत्या. ज्याच्याकडे प्रसंग आहे त्याने तो तारखेसह नोंदवावा, पुरावा जपावा आणि वरिष्ठांपर्यंत न्यावा. ज्याच्याकडे केवळ शंका आहे त्याने तिला साक्षीचे रूप देऊ नये. खोट्या आरोपाने उद्याच्या खऱ्या पीडिताचा आवाजही कमजोर होतो.

दुसरी चाळणी: याचा माझ्या कामाशी काय संबंध? ‘तो उद्धट आहे’ हे मत आहे. ‘मंजुरी सरासरी आठ दिवसांनी मिळते, त्यामुळे बिले अडतात’ ही अडचण आहे. फॉर्मने अडचणी विचारल्या होत्या, माणसाचे वर्णन नव्हे. हजरत यूसुफ (अ.) यांचाच आदर्श पुन्हा पहा. राजाने तुरुंगातून बोलावले तेव्हा त्यांनी आधी आपल्या प्रकरणाची चौकशी मागितली. परंतु चौकशी मागताना त्यांनी ज्या स्त्रीमुळे तुरुंगात जावे लागले तिचे नाव घेतले नाही. हात कापून घेणाऱ्या स्त्रियांचे काय प्रकरण होते, ते विचारा, एवढेच म्हटले (सूरह यूसुफ, आयत ५०). हक्क सोडला नाही, आणि कोणाची अब्रूही उधळली नाही.

तिसरी चाळणी: ही जागा योग्य आहे काय? जो फॉर्म साहेबच प्रथम वाचणार, त्यात त्याच्याविरुद्धची गंभीर तक्रार लिहिणे शहाणपणाचे नाही. तिच्यासाठी एचआर विभाग आहे, वरचा अधिकारी आहे. लैंगिक छळासारख्या प्रकरणात तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक केले आहे. तेथे गप्प बसणे हा सब्र नव्हे. जुलूम करणाऱ्याला रोखणे ही त्याचीही मदत आहे, हे आपल्याला बुखारी शरीफच्या हदीसने शिकवले आहे.

चौदांपैकी तीन ओळी उरल्या. त्या तीन मात्र ठाम होत्या.

निकाल चुकीचा लागला तर

सचोटीने लिहिले म्हणजे गुण चांगलेच मिळतील, असे आश्वासन मी देणार नाही. पण अन्यायकारक शेऱ्याविरुद्ध दाद मागणे आपला हक्क आहे. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात एक महत्त्वाचा निकाल दिला. त्या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता. तो शेरा त्यांना कळवलाच गेला नाही आणि बढती हुकली. न्यायालयाने सांगितले की सरकारी सेवकाच्या वार्षिक अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती वाईट असो वा चांगली, त्याला कळवली पाहिजे. कारण कळल्याशिवाय तो दाद कशी मागणार? हा निकाल खासगी नोकरीला लागू नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पूर्ण अहवाल दाखवण्याची आणि पंधरा दिवसांत निवेदन देण्याची तरतूद आता आहे. खासगी नोकरीत कंपनीचे नियम पाहावे लागतात. पण मला हे गुण का मिळाले, असे सभ्यपणे लेखी विचारायला कोणाचीच बंदी नाही.

विचारताना स्वर कसा असावा? अल्लाहने हजरत मूसा आणि हजरत हारून (अ.) यांना फिरऔनकडे पाठवताना त्याच्याशी मृदूपणे बोलण्यास सांगितले (सूरह ताहा, आयत ४४). आपला साहेब कितीही वाईट असो, तो फिरऔन नव्हे, आणि आपण कितीही चांगले असलो तरी मूसा (अ.) नव्हेत.

जे स्वतः साहेब आहेत त्यांच्यासाठीही दोन शब्द. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, ही हदीस तुमच्यासाठी आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी असा प्रसंग सांगितला जातो की त्यांच्या भावाला लढाईत मारणारा मनुष्य पुढे मुसलमान होऊन त्यांच्यासमोर आला. मला तू आवडत नाहीस, हे उमरनी (रजि.) त्याला स्पष्ट सांगितले. त्याने विचारले, यामुळे माझा हक्क मारला जाईल काय? उत्तर मिळाले, नाही. प्रत्येक साहेबाने हाताखालच्या माणसाचे गुण भरण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

माझी स्वतःची कबुली

हे सारे मी त्या तरुणाला सांगत होतो तेव्हा मला माझाच एक कागद आठवत होता. काही वर्षांपूर्वी मी एका मक्तबमध्ये शिकवीत होतो. तेथील व्यवस्थापकांनी आम्हा शिक्षकांकडून वर्षभराच्या कामाचा लेखी तपशील मागितला. त्यांच्याशी माझे पटत नव्हते. मराठी साहित्याची पदवी हाताशी होतीच. मी असा काही अहवाल लिहिला की प्रत्येक वाक्य खरे होते, आणि तरी पूर्ण अहवाल खोटा होता. किती मुलांनी नाजरा कुरआन पूर्ण केला ते लिहिले. किती मुले मध्येच सोडून गेली ते लिहिले, पण अशा शब्दांत की दोष व्यवस्थेवर जावा. त्यांतील दोन मुले माझ्या रागीट बोलण्याला भिऊन गेली होती. ते मी लिहिले नाही.

अहवाल मंजूर झाला. कोणीही काही विचारले नाही. आणि हीच गोष्ट मला आजही टोचते. त्या वर्षी मी माझ्या रागाविषयी एक ओळ लिहिली असती, तर कदाचित मी तो लवकर सुधारला असता. व्यवस्थापकांवर मात करण्याच्या नादात मी त्या दोन मुलांची साक्ष दडपली.

म्हणून मी त्या तरुणाला अखेरीस एवढेच सांगितले: रागात असताना हा फॉर्म भरू नका. न्यायाधीशाने रागाच्या अवस्थेत निवाडा करू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे, आणि आज तुम्ही स्वतःचे न्यायाधीश आहात. वुजू करा, दोन रकात नमाज पढा, मग लिहा.

खरा वार्षिक अहवाल

हजरत उमर (रजि.) यांची प्रसिद्ध शिकवण आहे की तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी स्वतःच स्वतःचा हिशेब घ्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी याला मुहासबा म्हटले. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये नफ्सला व्यापारातील भागीदाराची उपमा दिली आहे: सकाळी त्याच्याशी अटी ठरवा, दिवसभर लक्ष ठेवा आणि संध्याकाळी नफा-तोट्याचा हिशेब मागा. जो रोज रात्री झोपण्यापूर्वी असा हिशेब करतो, त्याला मार्चमधला कागद भरताना घाम फुटत नाही.

कारण एक कागद असाही आहे जो आपल्या साहेबाकडे जाणार नाही. सूरह बनी इस्राईलच्या १४ व्या आयतीत सांगितले आहे की त्या दिवशी माणसाला त्याचेच पुस्तक वाचायला दिले जाईल आणि आज हिशेबासाठी तू स्वतःच पुरेसा आहेस, असे म्हटले जाईल. तेथे ‘साहेब वाईट होता’ हा रकाना नसेल. साहेबाचे पुस्तक साहेबाच्या हाती असेल आणि आपले आपल्या.

तो तरुण पंधरा दिवसांनी पुन्हा भेटला. फॉर्म त्याने नव्याने लिहिला होता. स्वतःला दोन ठिकाणी पाच, दोन ठिकाणी चार आणि वेळेच्या बाबतीत तीन गुण दिले होते. साहेबाने त्याला मधलीच श्रेणी दिली. पगारवाढ बेताचीच झाली. साहेब आजही त्याला आवडत नाही. “पण मौलाना,” तो म्हणाला, “समोर बसलो तेव्हा मला त्याच्याकडे बघता आलं. आधी मान खाली जायची.”

मला वाटते, ही नजर वर उचलता येणे हीच त्याची त्या वर्षीची कमाई होती.

हे अल्लाह, आमच्या हातातील तराजू सरळ ठेव. जे आम्हाला आवडत नाहीत त्यांच्याशीही न्याय करण्याचे बळ दे. आमच्या कष्टाचा हक्क आम्हाला मिळू दे आणि दुसऱ्याचा हक्क आमच्या हातून मारला जाऊ देऊ नकोस. आमची रोजी हलाल आणि बरकतीची कर, आणि ज्या दिवशी आमचे पुस्तक आमच्या हाती येईल त्या दिवशी आम्हाला लज्जित करू नकोस. आमीन.